बूड धरा, बूड!

रविवारी रात्री साडेनऊच्या सुमारास मी टीव्हीवर रडलो. टीव्हीसमोर बसून नव्हे, टीव्हीच्या आत. सिनेमा पुरस्कारांचा वार्षिक सोहळा चालू होता. एका कुकर कंपनीच्या मालकांना सहप्रायोजक म्हणून शाल-श्रीफळ दिलं, ते हात जोडून हसले आणि पुढच्याच क्षणी पडदाभर मी. डोळे डबडबलेले, ओठ थरथरतायत, मान संथ हलतेय. दोन सेकंद. मग पुन्हा कुकरवाले.

बायको शेजारीच बसली होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अहो, ताईंच्या पाठवणीच्या वेळी तुम्ही मांडववाल्याशी हिशेबावरून भांडत होतात. डोळ्यांत टिपूस नव्हतं."

त्यानंतर अकरा फोन आले. नागपूरच्या मावशीने विचारलं, "कुकरवाले आपल्यातले का रे?" सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दहा मिनिटांत माझ्या रडक्या तोंडाचा स्टिकर फिरायला लागला. मी सोसायटीचा सेक्रेटरी. मेंटेनन्स थकवणाऱ्या मंडळींना मी आठवण केली की आता उत्तर म्हणून मलाच मी पाठवला जातो.

मी तिथे कसा पोचलो ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझी चूक काहीही नाही. आमच्या तिसऱ्या मजल्यावर एक मुलगा राहतो, सिनेमात साउंडचं काम करतो. गेल्या पावसाळ्यात त्याने लेखी अर्ज दिला की रात्री दोन वाजता पंपाच्या खोलीत बसायची परवानगी मिळावी. सेक्रेटरीला अर्जांचं नवल राहत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी चौथ्या मजल्याच्या कबुतरांविरुद्ध तीन अर्ज दिलेत. तेव्हा दिली परवानगी. पठ्ठ्याने आमच्या पंपाची घरघर रेकॉर्ड केली आणि सिनेमातल्या म्हाताऱ्याच्या शेवटच्या श्वासाखाली ती हलकेच घातली. थिएटरात लोक मुसमुसत होते. मी एकटा अस्वस्थ. बेअरिंग गेलंय हे मला स्पष्ट ऐकू येत होतं.

त्या कामाला पुरस्कार जाहीर झाला. पोराच्या आईचे गुडघे दुखतात, म्हणून पास माझ्याकडे आला. "काका, टाळ्या वाजवायला आपलं कुणीतरी हवं," तो म्हणाला. हे वाक्य लक्षात ठेवा.

पासवर लिहिलं होतं, 'पाचनंतर प्रवेश नाही. पोशाख औपचारिक.' औपचारिक म्हणावं असं माझ्याकडे एकच आहे, भाच्याच्या लग्नात शिवलेला बंद गळ्याचा कोट. वर्षभर डांबराच्या गोळ्यांत असतो. तो चढवून, लोकलमध्ये कुणी टेकू नये म्हणून दाराशी उभा राहून, पावणेपाचला पोचलो. दारावर पाण्याची बाटली, पेन आणि खोकल्याच्या गोळ्या काढून घेतल्या. पेन कशाला, असं विचारलं तर म्हणाले, "वरून ऑर्डर आहे."

मागून चौथ्या रांगेत बसलो न बसलो तोच काळा टीशर्ट घातलेली, कानात वायर खोचलेली एक मुलगी आली. मला नखशिखांत न्याहाळलं आणि वॉकीटॉकीत म्हणाली, "एक कोट मिळालाय."

मला मेलं बरं वाटलं! माणसाच्या मनाचा हा हलकटपणा आहे. पंचावन्न वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मला गर्दीतून उचलून पुढे नेत होतं. पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर एका हिरोच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली होती. मुलीने ती काढली आणि नियम सांगितले. ते आले की उठायचं. ते गेले की बसायचं. सेल्फी नाही. वाकून बूट बघायचे नाहीत. आणि काका, जरा पोट आत.

या नोकरीला फिलर म्हणतात. ऑस्करलाही असतात, सूटबूट घालून. नट उठून गेला की कॅमेऱ्याला रिकामी खुर्ची दिसू नये म्हणून त्यांनी तिथे बसायचं. पण ऑस्करच्या फिलरला आपण फिलर आहोत हे घरून निघतानाच माहीत असतं. मला ते तिथे कळलं, आणि तेही वॉकीटॉकीवरून: "फिलर चार आत्ताच खोकला."

मग टाळ्यांचं शूटिंग झालं. तुम्ही टीव्हीवर बघता त्या टाळ्या कुणासाठीही वाजवलेल्या नसतात. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी एक माणूस मंचावर येतो आणि भाजीवाल्यासारखा एकेक भाव मागतो. "आता साध्या टाळ्या घेऊ. आता खूश टाळ्या. आता उभं राहून. मागचे, मोबाइल खाली! आता खळखळून हसायचं. छान. आता इमोशनल."

"कशाबद्दल?" मी विचारलं.

"आई आठवा."

मी प्रामाणिकपणे प्रयत्न केला. पण आई आठवली ती 'कोट उन्हात घातल्याशिवाय अंगावर चढवू नकोस' असं सांगणारी, आणि नेमकं तेच मी केलं नव्हतं. दिव्यांच्या उष्णतेने कोटातली डांबराची गोळी जागी झाली होती. वास नाकात गेला, डोळे झणझणले, धारा लागल्या. ओठ थरथरत होते ते शिंक दाबण्यासाठी. "काका, होल्ड!" कॅमेरावाला आनंदाने ओरडला. तेच ते कुकरचे अश्रू.

शेजारच्या खुर्चीवरचे गृहस्थ मात्र टाळ्या वाजवत नव्हते की हसत नव्हते. राखाडी सफारी, मांडीवर कापडी पिशवी, नजर मंचावरच्या टेबलाकडे लागलेली. टेबलावर सोनेरी बाहुल्या ओळीने मांडल्या होत्या. मला वाटलं, कुणी जुने निर्माते असावेत. मी अदबीने विचारलं, "आपलं नामांकन?"

"आपली डिलिव्हरी," ते म्हणाले. "त्या बाहुल्या आपल्या."

काका ढालवाले निघाले. शाळेच्या खो-खोपासून बँकेच्या सर्वोत्कृष्ट शाखेपर्यंत सगळ्यांच्या ढाली, करंडक, सन्मानचिन्हं त्यांच्या कारखान्यात होतात. मागच्या वर्षी एका नटीने बाहुली डोक्यावर नाचवली, बाहुली बैठकीतून सुटली आणि नटीच्या हातात नुसतं धड राहिलं. तेव्हापासून आयोजक त्यांना पहिल्या रांगेत बसवतात. पिशवीत पाना, स्क्रू ड्रायव्हर आणि चिकटवायची ट्यूब. माझं पेन काढून घेतलं होतं आणि या माणसाला हत्यारांसकट आत सोडलं होतं.

"दोष माझा नाही," काका म्हणाले. "बाहुली ओतीव. आतून एक बोल्ट बैठकीत जातो. त्या बोल्टाला वॉशर लागतो. ह्यांनी वॉशरचे पैसे कापले. आता आटे बसतात का? तुम्हीच सांगा."

मी म्हटलं, नाही बसणार.

"मग? बाहुली धरायची कशी? खालून. बुडाला हात लावून. गणपती उचलतो तसा. पण ही मंडळी मानेला धरतात! कोंबडी आहे का?"

तेवढ्यात तालीम म्हणून कुणीतरी एक बाहुली उचलली, आणि काका अर्धे उभे राहिले. "बूड! बूड धरा, बूड!" आख्खी पहिली रांग दचकून आपापलं बसलेलं चाचपायला लागली.

पुढचे साडेतीन तास मी काकांच्या शेजारी सोळा वेळा बसलो आणि सोळा वेळा उठलो. तेवढ्यात त्यांच्याकडून जे ज्ञान मिळालं ते सिनेमाबद्दलच्या कुठल्याही शिबिरात मिळणार नाही. ऑस्करची बाहुली साडेतेरा इंच उंच, वजन पावणेचार किलोच्या वर, कांस्यावर सोन्याचा मुलामा. हे सांगताना काकांचा स्वर पंढरपूरच्या पांडुरंगाबद्दल बोलावं तसा झाला. "दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई. तीन वर्षं प्लास्टरच्या दिल्या, वरून रंग. पण युद्ध संपल्यावर प्रत्येकाला धातूची बदलून दिली. ह्याला म्हणतात गिऱ्हाईक सांभाळणं."

मीही माझं ज्ञान पाजळलं. २०१७ साली ऑस्करला पाकीट चुकलं, भलत्याच सिनेमाची मंडळी मंचावर जाऊन आभार मानायला लागली आणि मग बक्षीस त्यांच्या हातून काढून दुसऱ्यांना द्यावं लागलं, असं सांगितलं.

"पाकीट चुकलं तर माफी मागता येते," काका म्हणाले. "बाहुलीचं डोकं हातात आलं तर काय मागणार?"

हे सगळं विनोदी आहे, मला कबूल. आता जे सांगतो त्याला मी आठवडाभर विनोदी करायचा प्रयत्न करतोय, जमत नाहीये.

पावणेसातला, म्हणजे सूत्रसंचालक अजून मेकअपमध्ये आणि सभागृह पाव भरलेलं असताना, भिंतीतून आवाज आला. चेहरा नाही, नुसता आवाज. त्याने एका दमात नावं वाचली: संकलन, ध्वनी, कला दिग्दर्शन, वेशभूषा, रंगभूषा, छायालेखन. सहा माणसं शाळेतल्या लसीकरणासारखी रांगेत मंचावर आली. आमचा साउंडवाला दुसरा. नवा कुर्ता, इस्त्रीची घडी तशीच. बाहुली जड असेल म्हणून त्याने दोन्ही हातांनी जोर लावला, आणि बाहुली भर्रकन कपाळापर्यंत वर गेली.

"फायबरची आहे," काका पुटपुटले. "टेक्निकलवाल्यांना फायबर, कलाकारांना धातू. ऑर्डरच तशी."

मी टाळ्या वाजवायला हात उचलले. त्यासाठीच तर आलो होतो. काळा टीशर्ट कुठूनसा धावत आला. "काका, टाळ्या नको! साउंड चेक चालू आहे!"

परत वाचा. ध्वनीचा पुरस्कार घेणाऱ्या माणसाला टाळ्या मिळाल्या नाहीत, कारण ध्वनीची चाचणी चालू होती. आणि टाळ्या तर आधीच रेकॉर्ड केलेल्या होत्या, माझ्यासुद्धा. त्या नंतर हिरोला लावल्या. माझ्या दोन हातांच्या टाळ्या, ज्या मी तिसऱ्या मजल्यासाठी आणल्या होत्या.

साउंडवाल्याने पहिल्या रांगेकडे बघितलं, मी दिसलो, तो हसला. मी हात हवेत धरून बसलो होतो, दोन्ही तळव्यांमध्ये वीतभर अंतर ठेवून. लांबून बघणाऱ्याला वाटलं असेल, हे गृहस्थ माशाची लांबी सांगतायत.

"ह्यांचं युद्ध संपल्यावर बदलून देतील का हो?" मी काकांना विचारलं.

"कसलं युद्ध?" काका म्हणाले.

बरं, हे आपल्याकडेच होतं असं म्हणायचीही सोय नाही. २०२२ साली खुद्द ऑस्करवाल्यांनी आठ विभागांचे पुरस्कार थेट प्रक्षेपण सुरू व्हायच्या आधीच उरकले. त्यात संकलन होतं, रंगभूषा होती आणि ध्वनीही होता. २०१८ साली दिल्लीत राष्ट्रीय पुरस्कारांच्या वेळी राष्ट्रपती फक्त अकरा पुरस्कार आपल्या हाताने देणार असं आयत्या वेळी कळलं, तेव्हा पन्नासहून अधिक विजेते समारंभालाच गेले नाहीत. तेव्हा मी पेपर वाचून म्हटलं होतं, कुणी का देईना, बक्षीस ते बक्षीस, कशाला रुसायचं? आता ते वाक्य मागे घेतो. आठ वर्षं उशीर झाला, पण मला आमंत्रणही आत्ताच आलं.

आणि मुळात भारताच्या वाट्याला पहिलं ऑस्कर आलं ते कुणामुळे? नटामुळे नाही, दिग्दर्शकामुळे नाही. कपड्यांमुळे. कोल्हापूरच्या भानू अथैया यांना १९८३ साली 'गांधी'च्या वेशभूषेसाठी मिळालं. आपल्या समारंभांत वेशभूषेचा पुरस्कार देतात तेव्हा निम्मे लोक अजून गाडी लावायला जागा शोधत असतात. भानूताईंनी तर ती बाहुली २०१२ साली अकादमीकडे परत सोपवली, आपल्यामागे ती नीट जपली जावी म्हणून. हे काकांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा मंचावरची नजर काढून माझ्याकडे वळले. "बूड धरून दिली असणार," म्हणाले. "कोल्हापूरच्या होत्या."

सगळं सुटसुटीत होऊ शकतं, हो. १९२९ सालचा पहिला ऑस्कर समारंभ पंधरा मिनिटांत आटोपला होता. विजेते तीन महिने आधीच जाहीर झालेले, त्यामुळे मंडळी जेवली, बाहुल्या घेतल्या, घरी गेली. १९५४ साली मुंबईत मेट्रो थिएटरात फिल्मफेअरचे पहिले पुरस्कार दिले तेव्हा विभाग मोजून पाच. आमच्या सोहळ्यात कुकर, केशतेल, सिमेंट आणि गृहप्रकल्प यांच्याच नावाचे सात विशेष सन्मान होते. 'वर्षातला सर्वात मजबूत चेहरा' हा सिमेंटवाल्यांचा. ज्याला मिळाला तो नट दोन वर्षं एकाही सिनेमात दिसलेला नाही. पण आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, असा एकूण नियम दिसला. हळदीकुंकवाला वाण देतात तसं.

साडेनऊला माझ्या खुर्चीचा मालक पुन्हा आला. हिरो. मी नियमाप्रमाणे ताडकन उठलो, बाजूला झालो, पोट आत घेतलं. त्याने माझ्याकडे बघून गोड हसून "थँक्यू दादा" म्हटलं, खिशातून पांढरा रुमाल काढला, आणि खुर्ची झटकली.

दोनदा.

मी खुर्चीवर भेळ खाल्ली नव्हती. मी आंघोळ करून, लोकलमध्ये कुणाला न टेकता आलेला माणूस आहे. रागाच्या भरात मी भिंतीला टेकून उभा राहिलो आणि मनात त्याच्या सगळ्या सिनेमांची तिकिटं परत मागितली. तो बसला, त्याला पुरस्कार मिळाला, माझ्या टाळ्या वाजल्या. त्याने बाहुली मानेला धरून उचलली. काकांनी डोळे मिटले. मी मात्र उघडे ठेवले, कारण मला त्या क्षणी मनापासून वाटत होतं की आटे जावेत.

गेले नाहीत. बोल्ट टिकला. हिरोने आई, वडील, देव, मॅनेजर आणि जिममधल्या ट्रेनरचे आभार मानले, नाचाची तयारी करायला आत गेला, आणि वॉकीटॉकी खरखरली, "फिलर चार, बसा." मी बसलो. पण आधी रुमाल काढला आणि खुर्ची झटकली. दोनदा. त्याच्याइतकं झकास जमलं नाही, रुमालातून लोकलचं तिकीट उडालं.

टीव्हीवर हे काहीही नाही. साउंडवाल्याचं नाव मात्र आलं. हिरोचा नाच चालू असताना पडद्याच्या तळाशी एक पट्टी सरकत गेली, त्यात सहा नावं होती. त्याची आई चष्मा पुसून जवळ जाईपर्यंत पट्टीवर कुकर आला. माझ्या अश्रूंना आख्खा पडदा दोन सेकंद, आणि त्याच्या दोन वर्षांच्या कामाला तळाची दोन बोटं जागा. आता सांगा, मी त्या माउलीसमोर जिन्यात कुठल्या तोंडाने उभा राहू? ती बिचारी मलाच म्हणाली, "भाऊजी, तुम्ही किती मनाला लावून घेतलंत हो. माझ्या लेकासाठी रडलात ना?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

बाहुली काल कुरियरने आली. समारंभात दिलेली मंचामागे परत घेतली होती, नावाची पट्टी लावून पाठवतो म्हणाले होते. पट्टी लावलेली आहे. तिच्यावर लिहिलंय: 'सर्वोत्कृष्ट रंगभूषा'. नाव एका बाईंचं. साउंडवाला म्हणाला, जाऊ दे काका, असू दे. त्याने बाहुली फ्रिजवर ठेवली. फ्रिज सुरू झाला की ती हळूहळू गोल फिरते आणि भिंतीकडे तोंड करते. फायबरला वजन कुठलं?

मला राहवलं नाही. ढालवाल्या काकांनी त्या दिवशी कार्ड दिलं होतं, फोन लावला. सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पट्टी देतो करून," म्हणाले. "नाव नीट लिहून पाठवा, ऱ्हस्व-दीर्घ तपासून. आणि बुडात थोडी वाळू भरून देतो, म्हणजे फिरणार नाही. पैसे नको."

मला भरून आलं. या वेळी अंगावर कोट नव्हता. आभार मानून फोन ठेवणार, तेवढ्यात ते म्हणाले,

"रविवारी तुम्हाला बघितलं हो टीव्हीवर. काय रडलात! कुकरवाल्यांनी विचारलंय, पुढच्या महिन्यात त्यांच्या डीलर लोकांचं संमेलन आहे. याल का?"